काठीच्या टोकाशी सापडलेला ‘क्ष’

आठवीच्या गणितातलं ‘समांतर रेषा व छेदिका’ हे प्रकरण ज्यांनी घोटलं, त्यांना इंग्रजी झेडसारखी ती आकृती आठवत असेल. दोन समांतर रेषा, त्यांना तिरकी कापणारी छेदिका, एका कोपऱ्यात 72° आणि दुसऱ्यात ‘क्ष’. व्युत्क्रम कोन समान, म्हणून क्ष = 72°. दोन गुण पदरात, पान उलटा.

हाच ‘क्ष’ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसनं थेट पृथ्वीच्या पोटात शोधला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा हा प्रमुख. दक्षिणेला साइनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर माध्यान्ही उभ्या वस्तूची सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडे. तिथं सूर्यकिरण आणि उभी काठी यांच्यातला कोन भरला वर्तुळाचा पन्नासावा भाग, 7.2°.

आता आकृती काढू. साइनीत किरण बरोबर डोक्यावरून येतो. तो जमिनीत तसाच वाढवला तर पृथ्वीच्या केंद्राला जाऊन भिडेल. अलेक्झांड्रियातला किरण त्याला समांतर. अलेक्झांड्रियातली काठी खाली केंद्रापर्यंत वाढवली की ती झाली छेदिका. म्हणजे काठीच्या टोकाशी मोजलेला कोन आणि केंद्राशी दडलेला कोन हे व्युत्क्रम कोन! जिथं कुणाचा हात पोचणार नाही, तिथला कोन अंगणात उभं राहून मिळाला. दोन गावांमधलं अंतर 5,000 स्टेडिया (लांबीचं प्राचीन ग्रीक एकक) धरलं, त्याला पन्नासनं गुणलं, की पृथ्वीचा परीघ 2,50,000 स्टेडिया.

एराटोस्थेनिसचं मूळ पुस्तक हरवलं आहे. ही हकिकत पोचली ती क्लिओमिडीस या नंतरच्या लेखकामुळे. गणितात त्रुटी होत्याच. आस्वान कर्कवृत्ताच्या जरा उत्तरेला आहे, आणि अलेक्झांड्रिया त्याच रेखावृत्तावर नसून सुमारे 3° पश्चिमेला.

खरी मेख मात्र ‘समांतर’ या शब्दात आहे. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आणि ही दोन शहरं जेमतेम 800 किलोमीटरवर. त्यामुळे दोन्हीकडच्या किरणांत फरक पडतो अंशाच्या साधारण 3,600व्या भागाएवढा. पण समांतरपणा मानायलाच नकार दिला तर? जमीन सपाट आणि सूर्य जवळ आहे असं धरलं, तरी त्याच सावल्यांचा हिशेब बिनबोभाट जुळतो. फक्त उत्तर येतं सूर्याच्या उंचीचं, सुमारे 6,300 किलोमीटर. गंमत अशी, की हा आकडा जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढा आहे! ‘झोउबी सुआनजिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात सपाट जमीन गृहीत धरून, सावल्यांवरूनच सूर्याची उंची 80,000 ली (लांबीचं चिनी एकक) काढलेली आहे. सावली खोटं बोलली नाही, आकृती वेगळी होती.

हा प्रयोग महाराष्ट्रातही करता येतो. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. सरळ अंतर सुमारे 370 किलोमीटर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी घड्याळातल्या बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास नाशिकला एक मीटरची काठी उभी केली, तर तिची सावली जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर भरते. कोन 3.3°. त्यावरून परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास निघतो.

काठी ओळंब्यानं तपासून घ्यावी लागते. सावली पाच मिलिमीटर चुकीची मोजली, तर पृथ्वी साडेतीनेक हजार किलोमीटरनं फुगते किंवा आकसते. त्यात सूर्य म्हणजे काही बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक नऊएक मिलिमीटर पुसटच दिसतं. त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करायची.