वर्गणी, टीव्ही आणि सत्तावीसचे बहात्तर

रमजान महिना आला की आमच्या शाळेत येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढते. कोणी आखाती देशातून सुट्टीवर आलेले असतात, कोणी मुंबईहून. बहुतेकजण याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. ते वर्गात डोकावतात, आपली जुनी बसायची जागा शोधतात आणि निघताना विचारतात, "शाळेला काही हवंय का?"

आमची शाळा जिल्हा परिषदेची उर्दू शाळा. पहिली ते चौथी, 54 मुले आणि आम्ही दोन शिक्षक. 31 ते 100 पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान मिळते. वीजबिल, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळे त्यातच बसवायचे. त्यामुळे "काही हवंय का?" असे कोणी विचारले की आमच्याकडे यादी तयारच असते.

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये असेच एक चाचा आले. आम्ही म्हणालो, "वर्गात टीव्ही असता तर मुलांना चित्रफिती दाखवता आल्या असत्या." दुसऱ्या दिवशी जोहरनंतर ते पाकीट घेऊन आले. आत 30,000 रुपये होते. आम्ही पावतीपुस्तक काढले आणि सहज विचारले, "चाचा, ही रक्कम कशातली लिहू?" ते म्हणाले, "जकातीची आहे. मुलांचीच शाळा आहे ना, लावा कामाला."

आमचा हात तिथेच थांबला. जकात कोणाकोणाला द्यायची, ते आठ वर्ग कुरआन शरीफमधील सूरह तौबामध्ये सांगितलेले आहेत, एवढे आम्हाला ठाऊक होते. पुढचे नीट माहीत नव्हते. आम्ही चाचांना बसवले आणि गावच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले, "जकातीचा पैसा हकदार माणसाच्या हातात गेला पाहिजे, तो त्याच्या मालकीचा झाला पाहिजे. टीव्ही काय, भिंत काय, हकदार नसते. शाळेसाठी लिल्लाह रक्कम घ्या."

आता हे चाचांना सांगायचे कसे? घरी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये, असे आमचे शेजारी म्हणतात. आमच्याही मनात एक क्षण आले की गप्प राहावे, मुलांचेच भले आहे. पण वर्गणी ही अमानत आहे. देणाऱ्याने ज्या नियतने दिली त्या नियतला धक्का लागला, तर त्याचा जाब कोण देणार? आम्ही चाचांना सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं झालं विचारलंत. मला एवढं कोणी सांगितलंच नव्हतं."

जकातीची रक्कम गावातल्या हकदार घरांत गेली. कोणी त्यातून मुलांना दफ्तर आणि बूट घेतले, एका मुलाचा चष्मा झाला. ती द्यायला चाचा स्वतः मगरिबनंतर घरोघरी गेले. शाळेच्या परिपाठात मुलांना रांगेत उभे करून त्यांनी काही वाटले नाही, फोटो काढला नाही. गरीब आई-बापाच्या मुलाला वर्गमित्रांसमोर हात पसरायला लावू नये, ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडून शिकलो. तोवर आम्हीच असे कार्यक्रम हौसेने घेत होतो, आमच्याकडे त्याचे फोटोही आहेत.

टीव्हीसाठी चाचांनी वेगळे 10,000 लिल्लाह दिले. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांकडून 10,000 आणि मोहल्ल्यातून 8,000 जमले. 28,000 रुपये शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरले, पावत्या दिल्या आणि टीव्ही आला. उद्घाटन झाले, शिरखुर्मा वाटला.

इथपर्यंत सगळे छान झाले. खरी गोष्ट पुढे आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आमच्या समितीतल्या बायका बैठकीला येतात, सही करतात आणि फारसे बोलत नाहीत. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बैठक झाली. आम्ही टीव्हीचा हिशोब वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या एका आईने विचारले, "मॅडम, टीव्ही आला, चांगलं झालं. पण माझ्या पोरीचं गणित कधी येणार? माझ्या काजूचा हिशोब ती वहीत लिहिते. सत्तावीस किलो सांगितलं की बहात्तर लिहिते. परवा मी मालकाशी भांडले आणि चूक आमचीच निघाली. सगळे हसले."

बैठकीतही कोणीतरी हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. मुलगी तिसरीत होती, पहिलीपासून आमच्याच हाताखाली होती. तिच्या वहीत 27 च्या जागी 72 आम्ही अनेकदा पाहिले होते, लाल शाईने फुली मारली होती आणि दहा वेळा लिहून आणायला सांगितले होते. टीव्हीवर संख्यांची गाणीसुद्धा दाखवली होती. तिने ती पाठ केली आणि 72 लिहीतच राहिली.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मिळाले ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत. खरे सांगायचे तर या मासिक परिषदेला आम्ही फारशा उत्साहाने जात नव्हतो. सही करावी, चहा घ्यावा, परिपत्रके ऐकावीत आणि मागच्या बाकावर बसून वह्या तपासाव्यात. नव्या शैक्षणिक धोरणात 2020 साली प्रत्येक शिक्षकाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ते वाचून आम्ही "आता एवढे तास कुठून आणायचे?" असेच म्हणालो होतो.

त्या दिवशी शेजारच्या मराठी शाळेतला एक तरुण शिक्षक दुसरीची वजाबाकी दाखवत होता. त्याने माडाच्या झावळीचे हीर सारखे कापून आणले होते. दहा हिरांचा एक गठ्ठा, वर रबर. आम्ही चहाच्या वेळी त्याला सहज त्या मुलीबद्दल सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, तिचा कान बरोबर आहे. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून ती सात आधी लिहिते."

आम्ही थक्क झालो. मराठीत सत्तावीस आणि उर्दूत सत्ताईस, दोन्हीकडे एकक आधी बोलला जातो आणि दशक मागून येतो. लिहिताना मात्र दशक आधी. त्यात आमच्या मुलांची आणखी एक अडचण. उर्दूच्या तासाला हात उजवीकडून डावीकडे चालतो आणि लगेच पुढच्या गणिताच्या तासाला अंक डावीकडून उजवीकडे लिहायचे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे आमच्या डोळ्यांसमोर होते आणि आम्ही ते पाहिले नव्हते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससाठी "वीस सात" असेही वाचन दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वेळी आम्हीही इतरांबरोबर त्याची थट्टा केली होती. त्यामागे मुलाच्या कानाचा विचार आहे, हे तेव्हा आम्ही समजून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना घरून हीर आणायला सांगितले. खर्च शून्य. त्या मुलीच्या हातात सत्तावीस सुटे हीर दिले. तिने दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधले, सात सुटे उरले. गठ्ठे डावीकडे ठेवले, सुटे उजवीकडे, आणि त्यांच्याखाली अंक लिहिले. मग बहात्तर मांडायला सांगितले. सात गठ्ठे बांधता बांधता ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, हे तर केवढे जास्त आहेत!" लाल शाईच्या फुल्यांनी जे कळले नव्हते, ते झाडूच्या काड्यांनी कळले. ही चूक एका दिवसात गेली नाही, दीड-दोन महिने लागले. आता ती आईचा हिशोब बरोबर लिहिते आणि शेजारणींचाही लिहून देते.

तेव्हापासून आम्ही दोघा शिक्षकांनी एक शिस्त लावून घेतली आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर बसायचे. चार मुलांच्या वह्या समोर ठेवायच्या आणि चूक कोणती हे न पाहता, मुलाने असे का लिहिले असेल, हे शोधायचे. महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात मागे बसायचे. पहिल्या वेळी फार अवघडल्यासारखे झाले. आता सवय झाली. शिक्षण परिषदेत आम्ही पुढच्या बाकावर बसतो आणि जाताना एक तरी अडलेला प्रश्न घेऊन जातो. टीव्हीही आता नीट वापरला जातो, कारण काय दाखवायचे आणि कशासाठी, हे आधी ठरलेले असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा घराघरांतून मूठभर धान्य गोळा करून मुलांच्या वसतिगृहाची चूल पेटती ठेवली होती. मूठभर धान्य देणाऱ्या माउलीला त्यात आपल्या मुलाचे शिक्षण दिसत होते. आजही वर्गणी देणाऱ्याला तेच पाहायचे असते. म्हणून आमच्या समितीने आता हिशोबाच्या वहीत एक जादा रकाना आखला आहे. वस्तू कोणती आली, किती पैसे लागले, याच्या पुढे लिहायचे, की त्याने मुलांना काय येऊ लागले. तो रकाना भरायची जबाबदारी शिक्षकांची. कधी कधी तो रिकामा राहतो. रिकामा असला तर बैठकीत तसेच वाचून दाखवतो.

आपल्यापैकी जे कोणी शाळेला मदत करतात, अल्लाह त्यांना त्याचा सवाब देवो. आमची एवढीच विनंती आहे की देताना रक्कम जकातीची आहे की लिल्लाह, हे आवर्जून सांगा आणि पावती घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा शाळेत या. टीव्ही चालू आहे का, हे जरूर विचारा. त्यानंतर एखाद्या मुलाला जवळ बसवून सत्तावीस लिहायला सांगा. तुम्ही असे विचारलेत तर आम्हा शिक्षकांना राग येणार नाही. त्या काजूवाल्या आईने विचारले नसते, तर आम्ही अजून फुल्याच मारत बसलो असतो.