दोन चाकांचा तोल : ब्रेक न लावताच चाक जाम झालं तर

आज पुढच्या ब्रेकचा सराव घ्यायचं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही.

आरएक्स १०० घेऊन ते मुंबईकडे निघाले होते. इगतपुरीपर्यंत गाडी चांगली ताणली, कसारा घाट सुरू झाल्यावर रेस सोडली आणि तिसऱ्या गियरवर उतरू लागले. एका वळणाच्या अलीकडे मागचं चाक किंचाळलं आणि जाम झालं. कोपर-गुडघे खरचटले, बाकी निभावलं. ते विचारतात, ‘गाडी आडवी होऊन घसरत असेल तर मागचा ब्रेक सोडू नका, असं तुम्ही लिहिलंत. माझा पाय तर ब्रेकवर नव्हताच. मग धरायचं काय आणि सोडायचं काय?’ जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, की आधीच्या मालकाने गाडीचा ऑइल पंप काढून टाकला आहे आणि ते पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळतात.

माझ्या मते सगळं उत्तर या शेवटच्या ओळीत आहे.

टूस्ट्रोक इंजिनात गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, ते पिस्टनपर्यंत पोहोचत नाही. पिस्टनला मिळतं ते पेट्रोलबरोबर आत जाणारं तेल, तेवढंच. घाट उतरताना आपण रेस बंद करतो, म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, आणि मिसळलेलं असेल तर तेलही बंद. इंजिन मात्र थांबलेलं नसतं. उतारावर चाकच त्याला फिरवत असतं आणि तिसऱ्या गियरवर चांगलं जोरात फिरवत असतं. त्यात आधीच्या सरळ रस्त्यावर ते तापलेलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची भिंत ओतीव लोखंडाची, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीच्या आसपास फुगतं. दोघांमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तेलाचा पापुद्रा तुटला की पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला माखतं आणि पिस्टन तिथेच चिकटतो. पिस्टन थांबला की क्रँक थांबला, गिअरबॉक्स थांबला, चेन थांबली आणि चाकही.

यामाहाने आरएक्स १०० ला दिलेला ऑटोल्यूब पंप रेसच्या केबलला जोडलेला असतो, तसाच तो इंजिनाच्या फेऱ्यांवरही चालतो. रेस पूर्ण बंद असली तरी फिरत्या इंजिनाला तो थोडं तेल देत राहतो. तो पंप काढून टाकण्याची आपल्याकडची पद्धत मला मुळीच मान्य नाही. ‘पंप बिघडला तर इंजिन जाईल’ या भीतीने लोक तो काढतात आणि घाटातला तेवढा आधारही घालवून बसतात. पंप दुरुस्त करून घ्या, केबलचं सेटिंग तपासून घ्या आणि तेलाच्या टाकीकडे लक्ष ठेवा. राजदूत, येझदी चालवणाऱ्या बहुतेकांना पेट्रोलमध्ये तेल मिसळण्यावाचून इलाज नव्हता. त्यातले जाणते लोक उतारावर अधूनमधून क्लच दाबून रेस पिळत, तेवढ्याने पिस्टनला तेलाचा घोट मिळे. पंप नसलेली गाडी असेल, तर ही सवय आजही लावून घ्यावी.

इंजिन चिकटण्याआधी बहुतेक वेळा इशारा देतं. आवाज बारीक, कोरडा होतो आणि मागून कुणी दोरीने ओढावं तशी गाडी जड लागते. हा इशारा एखाद-दुसऱ्या सेकंदाचा असतो, कधी तेवढाही नसतो. म्हणून टूस्ट्रोक चालवताना माझी डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर असतात.

आता मूळ प्रश्न. इंजिन जाम झालं तर धरायचा तो क्लच, आणि तोही ताबडतोब. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो, चाक मोकळं फिरू लागतं. पण गेल्या आठवड्याचा नियम इथेही लागू आहे. चाक सुटावं ते गाडी सरळ असताना. घसरत घसरत मागचा भाग बराच बाजूला आल्यावर चाक अचानक सुटलं, तर ते तिरक्या अवस्थेतच रस्ता पकडतं, गाडी झटक्याने उभी राहते आणि चालक वरून पलीकडे फेकला जातो. मग ते ब्रेक सोडून सुटलेलं असो की क्लच दाबून. ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटरच्या वर पुढे जाते. क्लच दाबण्याची संधी साधारण तेवढीच, शेपूट नुसती डोलू लागली आहे तोवरची. त्यानंतर गाडी पार आडवी झाली असेल, तर ती तशीच घसरू द्यावी. त्यात पडलो तरी खालच्या बाजूला, थोड्या उंचीवरून पडतो.

क्लच दाबून गाडी सावरली, तर तो पुन्हा सोडू नका. तसंच घरंगळत कडेला या. अर्ध्या तासाने गार झाल्यावर कीक पुष्कळदा खाली जाते आणि गाडी चालूही होते. तेवढ्यावर ‘काही झालं नाही’ असं समजू नका. हेड-ब्लॉक उघडून पिस्टनवरचे ओरखडे बघावेतच. खोल असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवण्याला पर्याय नाही.

चार स्ट्रोकच्या गाड्यांत तेल संपल्याशिवाय असं सहसा होत नाही. तिथे चाक अडखळतं ते चौथ्यावरून थेट दुसरा गियर पाडून क्लच एकदम सोडल्यावर. त्याचा इलाजही क्लचच : परत दाबायचा आणि रेस थोडी वाढवून हळू सोडायचा. आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीसारख्या गाड्यांत स्लिपर क्लच असतो, तो चाकाकडून उलटा जोर आला की आपोआप थोडा घसरतो.

क्लचने काहीच होत नाही असेही प्रकार आहेत. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली, ढिली चेन उतरून चाकाच्या आतल्या बाजूला अडकली किंवा गिअरबॉक्सच जाम झाला, तर चाक सोडवणं आपल्या हातात नाही. तेव्हा नजर दूर, जिथे जायचं तिथे ठेवा. हँडल घट्ट आवळू नका, पुढचं चाक घसरणीच्या दिशेला स्वतः वळू पाहतं, त्याला वळू द्या. गुडघे टाकीला, दोन्ही पाय फूटरेस्टवर. पाय खाली टेकवायचा मोह टाळा, घोट्याची हाडं त्यातच मोडतात. गाडी उभी आणि सरळ असेल तरच पुढचा ब्रेक हलक्या हाताने वाढवत न्या. आपल्या बहुतेक रस्त्यांना पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतार असतो, त्यामुळे जाम झालेलं मागचं चाक डावीकडे सरकतं. ते अपेक्षित धरलं की माणूस दचकत नाही.

चेनचा प्रकार मात्र पूर्ण टाळता येतो. बऱ्याच साध्या गाड्यांत खालच्या चेनची मधोमध वर-खाली हालचाल अडीच-तीन सेंटिमीटर असावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उलटी बसवलेली क्लिप कशाला तरी घासून निघून येते. चेन बदलून आणलीत की गॅरेजमधून निघण्याआधी वाकून हे स्वतः बघा.

आणि ओढणी, साडीचा पदर. चाकात कापड गुंडाळलं गेलं की चाक जाम होण्याच्याही आधी मागे बसलेल्या बाईच्या गळ्याला फास बसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम याचसाठी आहे : मागे बसणाऱ्याला धरायला दांडा, पायाला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं संरक्षण. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडीगार्ड काढून माळ्यावर टाकणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. तुमच्याही घरात तो तसा पडला असेल, तर या रविवारी परत बसवून घ्या. चार बोल्टचं काम आहे. पुढच्या ब्रेकच्या सरावाला पुढल्या आठवड्यात मोकळं मैदान आणि हातमोजे लागतील, दोन्हींची सोय करून ठेवा.