घर लिलावात गेलं, पण उरलेले पैसे तुमचेच

कर्ज थकलं, बँकेनं सरफेसी कायद्याखाली घर लिलावात विकलं, की माणूस लाजेनं त्या शाखेची पायरी चढत नाही. आणि हक्काचे पैसे तिथंच राहतात.

समजा व्याजासकट येणं १४ लाख, ताबा-जाहिरातीचा खर्च ५० हजार आणि घर गेलं २१ लाखांना. उरले साडेसहा लाख. ते बँकेचे नव्हेत. २००२ च्या या कायद्याचं कलम १३(७) सांगतं, खर्च आणि येणं वळतं करून उरेल ते हक्कदाराला द्यायचं. सहकारी बँकांनाही हेच लागू.

शाखेत लेखी अर्ज द्या. लिलाव कितीला गेला, खर्च कशाकशाचा लावला, कर्जखात्याचा उतारा, सगळं मागा. शिल्लक कुठल्या खात्यात टाकायची तेही लिहा. अर्जाची पोच घ्याच, "बघतो साहेब" वर परत येऊ नका. घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा असेल तर आधी तिचं येणं भागेल. कर्जदार वारले असतील तर वारसांची कागदपत्रं जोडा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, फी नाही. माहितीला १४४४८.

आणि हो, शेतजमीन या कायद्याखाली विकता येत नाही (कलम ३१). नोटिशीत वहितीचा गट नंबर दिसला तर त्याच दिवशी सातबारा घेऊन कंपनीच्या ऑफिसला या.