वेशीवरचा पहारा

'चिल्ड्रेन ऑफ मेन' हा इंग्रजी चित्रपट 2006 साली आला. पी. डी. जेम्स यांच्या 1992 च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काळ 2027 चा. जगात अठरा वर्षे मूल जन्मलेले नाही. ब्रिटनचे सरकार बाहेरून आलेल्यांना पिंजऱ्यात कोंडते, छावण्यांत ढकलते. आणि दिवस जातात ते नेमके एका कृष्णवर्णीय निर्वासित स्त्रीला! ज्यांना हाकलायचे, त्यांच्याच पोटी मानवजातीचा उद्या.

लोक याला भविष्याची भीतिकथा म्हणतात. आमच्या पारधी, कैकाडी बांधवांसाठी मात्र हा भूतकाळ आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास पुढे मुंबई इलाख्यातही आला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापुरात काटेरी तारेआड वसाहत. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. संशय गेला का? तुरुंग नियमावल्यांतील जातवार कामवाटप आणि विमुक्तांवरील सराईतपणाचा शिक्का पुसण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 पर्यंत थांबावे लागले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पाथर्डी तालुक्यातील मढी म्हणजे भटक्यांची पंढरी. कानिफनाथांची यात्रा, गाढवांचा बाजार, जातपंचायती. हे सारे वाटसरूंनीच उभे केले. त्याच मढीत फेब्रुवारी 2025 मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत बंदी करणारा ठराव ग्रामसभेत झाला. परंपरा पाळत नाहीत, हे कारण सांगितले गेले. प्रशासनाने ठराव रद्द ठरवला, हे बरे झाले.

कोणी नियम मोडला तर त्या माणसावर कारवाई करा. सबंध समाजाला शिक्षा कशासाठी? आणि वेशीवर माणूस ओळखणार कसा? एकदा कागद मागणे सुरू झाले की तो सर्वांनाच मागितला जातो. ज्याच्याकडे सातबारा नाही, जन्माचा दाखला नाही, तो भटका सर्वांत आधी अडतो.

देशाने आपल्या सीमेवर नियम करावेत, याला आमचा विरोध नाही. परंतु तिथेही कलम 21 परक्या माणसाच्या जीविताचे रक्षण करते. नागरिकाला तर कलम 19 ने देशभर फिरण्याचा, राहण्याचा, व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. ग्रामसभेला सीमा नसते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते उगाच नव्हे. गावकुसाबाहेर कोण राहत होते, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून बांधवांनो, असा ठराव आपल्या गावात आला तर घरी बसू नका. ग्रामसभेला जा आणि आपला विरोध इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्या. आज नाव दुसऱ्याचे आहे. वेस तीच आहे.