जुन्या लॅपटॉपसाठी कोणतं लिनक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे धडधाकट लॅपटॉप एका फटक्यात बाद ठरले. ते भंगारात देऊ नका. लिनक्स टाकलं तर त्यातले बरेचसे अजून काही वर्षं उत्तम चालतील. प्रश्न एवढाच, की मिंट, लुबुंटू, एमएक्स, अँटीएक्स, पपी या डिस्ट्रोंपैकी (म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांपैकी) घ्यायचं कोणतं?

या सगळ्यांच्या तळाशी लिनक्स कर्नलच असतो. हलकं की जड हे ठरतं वरच्या डेस्कटॉपवरून आणि मागे चालू राहणाऱ्या सेवांवरून. ग्नोम देखणा, पण रॅमला भारी. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी थोडक्यात भागवतात. अँटीएक्समधला आइसडब्ल्यूएम तर निव्वळ खिडक्या सांभाळतो.

आता आपलं मशीन बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं की रॅम आणि प्रोसेसर कळतो. इथे अनेकांची गल्लत होते: विंडोज ३२ बिटचं असलं तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं दिसलं की काळजी मिटली. कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिटचाच आहे. २००८च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० मात्र ३२ बिटचा. मिंटच्या मुख्य आवृत्तीने ३२ बिटची साथ २०२०मध्ये सोडली, डेबियन या डिस्ट्रोच्या १३व्या आवृत्तीत तर ३२ बिटचा इन्स्टॉलरही नाही. अशा मशीनसाठी अँटीएक्स २३ बघावं.

रॅम ४ जीबी असेल तर डोळे झाकून मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. नवख्याला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. २ जीबीला लुबुंटू किंवा एमएक्स, १ जीबीला अँटीएक्स. पपी अख्खं रॅममध्ये चढून चालतं, म्हणून चपळ वाटतं. पण रोजच्या वापराला मी ते सुचवणार नाही.

खरी रॅम खातो तो ब्राउझर. सिस्टिम कितीही हलकी असो, यूट्यूब, जीमेल आणि बँकेचं पान एकदम उघडलं की २ जीबी संपते. मग उरलेलं काम हार्ड डिस्कवर ढकललं जातं, डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही आणि माउसचा बाण अडकत अडकत सरकतो. अशा वेळी डिस्ट्रो बदलत बसण्यापेक्षा जुन्या बाजारातून रॅमची एक पट्टी आणि एक साधी एसएसडी घ्यावी. त्याने जो फरक पडतो तो कोणत्याही डिस्ट्रोने पडणार नाही.

इन्स्टॉल करण्याआधी रुफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर डिस्ट्रोची आयएसओ फाइल चढवा आणि त्यावरूनच मशीन चालू करून बघा. वेग बघू नका, पेन ड्राइव्ह हळूच चालतो. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे तपासा. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय कार्डाला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागतो. मिंटमध्ये तो ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून मिळतो, पण त्यासाठी आधी केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने इंटरनेट जोडा.

युनिकोड मराठीची अडचण येत नाही. कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट असतो, फोनेटिक हवा असेल तर आयबस आणि एम१७एन टाका. जुन्या फाइली श्रीलिपीत असतील किंवा हिशेब टॅलीत असेल, तर ही सॉफ्टवेअर विंडोजची असल्याने विंडोज पुसू नका. दुसऱ्या पार्टिशनवर राहू द्या आणि त्याला इंटरनेट जोडू नका.