द्राक्षबागेत कुत्रा नेताना : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हाती न लागलेली द्राक्षं गोष्टीतल्या कोल्ह्याला आंबट वाटली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. पाळीव कुत्रा त्याच्याच कुळातला. पण नाशिकच्या द्राक्षबागेत त्याच्या नाकासमोरच घड लोंबत असतात. खायच्या द्राक्षांचा मांडव डोक्याच्या उंचीवर असतो. वाईनच्या बागेत मात्र वेली तारांवर उभ्या बांधतात, त्यामुळे घड बऱ्याचदा माणसाच्या कमरेइतकेच उंच असतात. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या लॅब्राडॉरला एवढी उंची अगदी सोयीची पडते.

सुला विनयार्ड्सने २००० साली आपली पहिली वाईन बाजारात आणली आणि २००५ मध्ये पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम सुरू केली. त्यानंतर गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, इगतपुरी अशी वायनरीची सहल मुंबई-पुणेकरांच्या सवयीची झाली. आता या सहलीला घरातला कुत्राही येऊ लागला आहे. मोकळी हवा, नवे वास आणि दिवसभर माणसांची सोबत हे त्याला हवंच असतं, त्यामुळे त्याला घरी कोंडून ठेवण्यापेक्षा बरोबर नेणं केव्हाही चांगलं. अडचण वेगळीच आहे. कुत्रा तिथे भुंकेल का, कुणावर धावून जाईल का, याची काळजी सगळे करतात. त्याच्या जिवाला खरा धोका असतो तो द्राक्षांचा, उन्हाचा आणि बंद गाडीचा, आणि सर्वाधिक गैरसमज आहेत तेही याच तीन गोष्टींबद्दल.

गैरसमज : एक-दोन द्राक्षांनी काय होतंय? बागेतली कुत्री तर रोज खातात.

वस्तुस्थिती : द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ शकतात, ही गोष्ट पशुवैद्यकांच्या ध्यानात ठळकपणे आली ती २००१ च्या सुमारास. पुढची वीस वर्षं मात्र द्राक्षातला कोणता घटक हे करतो, याचं उत्तर सापडत नव्हतं. कीटकनाशकं, बुरशी, जड धातू अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. धागा सापडला तो मुलांच्या खेळण्यातल्या मातीत. अमेरिकेत घरच्या घरी कणकेसारखी खेळायची माती बनवतात आणि तिच्यात ‘क्रीम ऑफ टार्टार’ घालतात. ती माती खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यांसारखीच बिघडलेली दिसली. ‘एएसपीसीए’ या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि २०२१ मध्ये टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टार हा याच आम्लाचा क्षार, आणि तो मुळात वाईन बनवतानाच मिळतो. वाईनच्या टाकीच्या आतल्या बाजूला जे खडे धरतात, ते शुद्ध केले की ही पांढरी पूड तयार होते.

द्राक्षांना आंबटपणा येतो तो मुख्यतः टार्टारिक आम्लामुळे. त्याचं प्रमाण जातीनुसार, जमिनीनुसार, हवामानानुसार बदलतं. कुत्र्याकुत्र्यांतही फरक असतो. म्हणून एखादा कुत्रा मूठभर द्राक्षं खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसरा थोडक्यातच गंभीर आजारी पडतो. किती वजनाच्या कुत्र्याला किती द्राक्षं चालतात, याचं भरवशाचं कोष्टक नाही. बागेतल्या एका कुत्र्याला काही झालं नाही यावरून पाहुण्या कुत्र्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

गैरसमज : आंबट द्राक्षं वाईट असतील, पण पिकून गोड झालेली चालतात.

वस्तुस्थिती : द्राक्षाच्या मण्यात दोन आम्लं प्रामुख्याने असतात, मॅलिक आणि टार्टारिक. मणी पिकताना मॅलिक आम्ल बरंचसं खर्ची पडतं आणि उष्ण हवेत तर ते आणखी झपाट्याने घटतं. टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकून राहतं. वाढलेल्या साखरेखाली त्याची चव झाकली जाते, एवढंच. त्यामुळे वाईनची शेनिन ब्लाँ असो, शिराझ असो की खायची थॉमसन, जिभेला गोड लागली म्हणून ती कुत्र्यासाठी निर्धोक होत नाहीत. बिनबियांची द्राक्षं चालतात, ही समजूतही निराधार आहे. दोष बियांचा नाहीच.

गैरसमज : कुत्र्याला वेलींपासून लांब ठेवलं की झालं.

वस्तुस्थिती : जानेवारी ते मार्च हा नाशिकला वाईनच्या द्राक्षांच्या तोडणीचा मुख्य हंगाम, आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच. या दिवसांत वेलीपेक्षा जमिनीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. क्रेटमधून सांडलेले मणी वाटेवर पडलेले असतात. रस काढून उरलेला सालीबियांचा चोथा खतासाठी बागेत नेऊन टाकतात. लाल वाईनचा चोथा आंबवून झाल्यावर निघतो, म्हणून त्यात द्राक्षांबरोबर अल्कोहोलही उरलेलं असतं. त्याचा आंबूस वास कुत्र्याला लांबूनच ओढून नेतो.

दुसरी जागा म्हणजे टेबलावरची चीजची थाळी. तिच्यात द्राक्षं असतात, बेदाणे असतात, कधी डार्क चॉकलेट असतं. चीजमध्ये किंवा बिस्किटांत लसूण आणि कांदा असतो. चॉकलेट, कांदा, लसूण हे तिन्ही कुत्र्याला बाधतात. पर्समध्ये साखरविरहित च्युइंगम असेल तर त्यात गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं, आणि त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते. वाईन तर घोटभरही चाटू देऊ नये. कुत्र्याचं शरीर लहान, त्याला अल्कोहोल नीट पचवता येत नाही, आणि तो गुंगला तर ती गंमत नसून विषबाधा असते.

इथे घरातल्या दोन सवयींकडेही लक्ष द्यायला हवं. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि मायेपोटी त्यातला घास कुत्र्याला दिला जातो. बेदाणा म्हणजे पाणी उडालेलं द्राक्षच, त्यामुळे त्यात सगळं दाटून आलेलं असतं. दुसरी गोष्ट चिंचेची. टार्टारिक आम्ल भरपूर असलेली फळं फार थोडी, आणि चिंच त्यांपैकी एक. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. चिंचेचा कोळ, चटणी, गोळ्या कुत्र्याच्या तोंडापासून दूरच ठेवाव्यात.

गैरसमज : चुकून खाल्लीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी.

वस्तुस्थिती : मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम एकदम वाढतं आणि त्यानेच कुत्रा दगावू शकतो. घरगुती उपायात वेळ घालवू नये. पशुवैद्यकाला लगेच फोन करावा आणि चार गोष्टी सांगाव्यात : काय खाल्लं, साधारण किती, केव्हा, आणि कुत्र्याचं वजन. खाऊन फार वेळ झाला नसेल तर डॉक्टर इंजेक्शन देऊन सुरक्षितपणे उलटी करवू शकतात. नंतर सलाईन आणि रक्ततपासणी. बहुतेक कुत्र्यांना पहिल्या २४ तासांतच उलट्या सुरू होतात. मरगळ, खाणं बंद, लघवी कमी होणं ही पुढची लक्षणं, आणि मूत्रपिंडाचा बिघाड एक ते तीन दिवसांत उघड होतो. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर उपचाराचा सर्वांत मोलाचा वेळ हातचा जातो. म्हणूनच निघण्यापूर्वी नाशिकमधल्या एखाद्या पशुवैद्यकाचा नंबर आणि त्यांची रविवारची वेळ विचारून ठेवावी.

गैरसमज : नाशिकला थंडी असते. काच थोडी खाली करून कुत्र्याला तासभर गाडीत ठेवलं तर बिघडत नाही.

वस्तुस्थिती : नाशिकची पहाट गार असते, दुपार नव्हे. फेब्रुवारीत ऊन चांगलंच तापतं. उभ्या गाडीचं काय होतं, हे २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने मोजून दाखवलं. बाहेर हवा सुखद असतानाही गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात म्हणावा तसा फरक पडला नाही.

माणसाचं अंग घामाने निवतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना. बाकी भिस्त धापा टाकण्यावर. बंद गाडीत आतली हवाच तापलेली, मग धापा टाकूनही अंग निवत नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्गच अरुंद असतो. ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग घराघरांत आला, पण उन्हातल्या सहलीला तो सर्वांत कच्चा गडी. कुत्रा खूप धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला, लडखडला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि मगच दवाखान्याकडे निघावं. अंग निववण्याचं काम जागेवरच सुरू व्हायला हवं.

फरशीचं तापमान ओळखायची साधी रीत आहे. हाताची पालथी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवावी. हाताला सोसलं नाही तर पंजांनाही सोसणार नाही. सहल सकाळी दहाच्या आत किंवा चार-साडेचारनंतर ठेवली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

गैरसमज : एवढी मोकळी बाग आहे, तर कुत्र्याला सोडून द्यावं.

वस्तुस्थिती : पर्यटकाला ती बाग वाटते, बागायतदारासाठी ते उभं पीक असतं. केवडा आणि भुरी या रोगांसाठी द्राक्षावर वारंवार औषध मारावं लागतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक आणि इतर बुरशीनाशकं पानांवरून गवतावर ठिबकतात. गवतातून धावलेला कुत्रा ते पायांवर घेऊन येतो आणि नंतर चाटतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि पावसाळा सरताना होणाऱ्या गोडी छाटणीनंतर कोंब फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते त्वचेलाही घातक असतं आणि पोटात गेलं तर फारच. म्हणून ‘अलीकडे फवारणी कधी झाली?’ हा प्रश्न जाताच विचारायला हवा.

शिवाय ठिबकच्या नळ्या, तारा, ट्रॅक्टर, बागेची राखण करणारी स्थानिक कुत्री, आणि गवतात घोणस. पट्टा आखूड धरून, आखलेल्या वाटेने चालावं. निघण्याआधी रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी झालेल्या असाव्यात आणि लसीकरणाचं कार्ड गाडीत असावं. अनेक ठिकाणी ते पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत.

गैरसमज : ‘पेट-फ्रेंडली’ लिहिलंय, म्हणजे कुत्रा सगळीकडे चालतो.

वस्तुस्थिती : बहुतेक ठिकाणी या शब्दाचा अर्थ हिरवळ, अंगण किंवा उघड्यावरची टेबलं एवढाच असतो. जिथे वाईन बनते त्या भागात प्राणी नसावेत हा स्वच्छतेचा नियम आहे, आणि त्यामागे कुत्र्याच्या हिताचंही एक कारण आहे. रस आंबताना साखरेचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. एक लिटर रसातून चाळीस-पन्नास लिटर वायू सहज निघतो. तो हवेहून सुमारे दीडपट जड, त्यामुळे खाली साचतो. उभ्या माणसाचं नाक पाच फुटांवर, कुत्र्याचं फूट-दीड फुटावर. तळघरात माणसाला काही जाणवण्याआधी कुत्रा गुदमरू शकतो.

नियम वायनरीगणिक आणि हंगामागणिक बदलतात. एरवी कुत्र्यांना येऊ देणारी जागा महोत्सवाच्या किंवा शनिवार-रविवारच्या गर्दीत नकार देऊ शकते. फोनवर नेमकं विचारावं : बसायला कुठे मिळेल, राहायच्या खोलीत कुत्रा चालेल का, त्या दिवशी मोठ्या आवाजाचं संगीत आहे का. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचाही. मोठ्या स्पीकरजवळची संध्याकाळ त्याच्यासाठी सहल राहत नाही.

रेल्वेने जाणार असल्यास चेअर कार, स्लीपर किंवा टू-टिअरमध्ये कुत्रा नेता येत नाही. अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तर फर्स्ट क्लासमध्ये, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, असे दोनच मार्ग आहेत. त्यामुळे बहुतेकजण गाडीनेच येतात. मुंबईहून येताना कसारा घाटात ज्या कुत्र्याला मळमळतं, त्याला निघण्यापूर्वी दोन-तीन तास भरपेट खाऊ घालू नये.

गैरसमज : वायनरीत कुत्र्याचं काय काम!

वस्तुस्थिती : काम असतं, आणि तेही कसबाचं. चिलीमधल्या ‘टी. एन. कूपर्स’ या पिंपं बनवणाऱ्या कंपनीने लॅब्राडॉर कुत्र्यांना टीसीए या रसायनाचा वास ओळखायला शिकवलं आहे. या रसायनाच्या नुसत्या अंशानेही वाईनला कुबट वास येतो. माणसाला पत्ता न लागणारी त्याची जागा हे कुत्रे नाकाने शोधून काढतात. ऑस्ट्रेलियात वायनऱ्यांमधल्या कुत्र्यांच्या छायाचित्रांची ‘वाईन डॉग्ज’ ही पुस्तकमालिका लोकप्रिय आहे.

गैरसमज : घरी सुखरूप पोहोचलो, सहल संपली.

वस्तुस्थिती : त्या रात्री दहा मिनिटं कुत्र्यासाठी राखून ठेवावीत. पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवावं. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड आहे का ते चाचपावं, कारण गोचिडीतून एर्लिकियोसिससारखा रक्ताचा आजार होतो आणि त्याचा ताप एक ते तीन आठवड्यांनी चढतो. पुढचे तीन दिवस त्याचं पाणी, खाणं आणि लघवी यांकडे लक्ष असावं. सोमवारी सकाळी वाडगं तसंच भरलेलं दिसलं आणि कोपऱ्यात उलटी सापडली, तर डॉक्टरांना सांगायचं पहिलं वाक्य हेच : परवा आम्ही द्राक्षबागेत गेलो होतो.