योगायोगाचं स्कोअरकार्ड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. आकडे मात्र तपासून घेतलेत!

इंग्लंडचा अ‍ॅलेक स्ट्युअर्ट जन्मला ८-४-६३ ला आणि कसोटीत त्याच्या एकूण धावा झाल्या ८४६३! १८७७ ची पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने मेलबर्नला ४५ धावांनी जिंकली. १९७७ ला तिथेच झालेली शतकमहोत्सवी कसोटीसुद्धा ४५ धावांनीच. आणि ११-११-११ ला केपटाऊनमध्ये सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी दक्षिण आफ्रिकेला जिंकायला हव्या होत्या १११ धावा.

मेसमध्ये हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, "हे सगळं वरून ठरलेलं असतं रे!" पण थोडं गणित करू. वर्गात फक्त २३ जण असले तरी कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कारण माणसं २३, पण जोड्या २५३! कसोटी खेळलेले तर तीन हजारांहून जास्त. प्रत्येकाच्या धावा, विकेट, तारखा... इतकं जुळवून बघितल्यावर काहीच जुळलं नसतं तर ते खरं आश्चर्य. न जुळलेले आकडे मेसमध्ये कोण सांगतो?

इथपर्यंत गंमत. आता आपल्या विरारचं. १६ नोव्हेंबर २०१३ ला सचिन वानखेडेवर निवृत्त झाला. चारच दिवसांनी विरारच्या १४ वर्षांच्या पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये ५४६ काढले. १९८८ ला सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी झाली ती याच स्पर्धेत. पुढे रणजी आणि दुलीप, दोन्ही पदार्पणांत सचिनसारखंच शतक. २०१८ ला कसोटी पदार्पणात १३४. सगळे म्हणाले, आला दुसरा सचिन! मी तेव्हा शाळेत होतो, मीही तेच म्हणत होतो. २०२० ला अ‍ॅडलेडला त्याने ० आणि ४ केले आणि तो कसोटी संघाबाहेर गेला.

योगायोग मागे वळून बघताना दिसतो; पुढचं काही सांगत नाही. आकडे जुळवले आपण, आणि ओझं मात्र विरार लोकलमधून किटबॅग नेणाऱ्या त्या पोरावर टाकलं.

गेल्या सेमिस्टरला माझ्या सीट नंबरची बेरीज ९ आली, म्हणून रूममेटने रिझल्टच्या आधीच पार्टी घेतली. एम-थ्रीला केटी लागली. सीट नंबर काही पेपर लिहीत नाही!